दाद आणि न्याय : खाँसाहेबांच्या मैफली कुणी जपल्या?

मराठीत ‘दाद’ हा शब्द दोन ठिकाणी सर्रास ऐकू येतो. एक कोर्टकचेरीत आणि दुसरं गाण्याच्या मैफलीत. कोर्टात आपण दाद मागतो, मैफलीत दाद देतो. शब्द मूळचा फारसी, अर्थ न्याय किंवा इन्साफ. ‘दाद-फिर्याद’ या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. म्हणजे एखादी जागा नेमकी लागल्यावर ‘क्या बात है’ म्हणणारा श्रोता गायकावर मेहेरबानी करत नसतो. गाण्याचं जे देणं आहे ते तो चुकवत असतो.

मैफल संपली की या दादेचा दुसरा भाग सुरू होतो. कालचं गाणं ऐकून आलेला माणूस आज ते दुसऱ्याला सांगतो. मारवा कसा उभा केला, तबलजीनं कुठं साथ सोडली नाही, आवाज लागायला किती वेळ गेला, भैरवीला कोण रडलं. न गेलेल्याला हळहळ वाटावी, हाही त्यात थोडा हेतू असतो. आज हे व्हॉट्सॲपवर होतं. शंभर वर्षांपूर्वी ते वाड्याच्या ओसरीवर, वकिलांच्या बैठकीत, नाटक कंपनीच्या बिऱ्हाडी आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात व्हायचं.

वरवर पाहता ही रिकामटेकडी गप्पाष्टकं वाटतील. पण महाराष्ट्रातल्या हिंदुस्थानी संगीताचा इतिहास लिहायला बसलं की ध्यानात येतं, या इतिहासाचा मोठा भाग अशा सांगण्यावरच उभा आहे. आणि ज्यांच्याविषयी हे सांगणं झालं, त्यातले बरेच जण मुसलमान उस्ताद होते. ते उत्तरेतून इथं आले, इथंच राहिले, इथल्याच मातीत गेले. त्यांच्या मैफली मराठी श्रोत्यांनी आधी कानात आणि मग कागदावर जपल्या. या जपणुकीत दाद भरपूर मिळाली. न्याय कितपत मिळाला, हे या लेखात पाहायचं आहे.

खाँसाहेब दक्षिणेत का आले?

1857 नंतर दिल्ली आणि लखनौचे दरबार संपले. ग्वाल्हेर, जयपूर, रामपूर अशी संस्थानं गवयांना सांभाळत होती. पण तिथल्या जागा मोजक्या आणि गाणारी घराणी अनेक. शिवाय दरबार म्हणजे राजाची मर्जी. राजा बदलला की तनखा बदलायचा.

त्याच काळात पश्चिम भारतात वेगळंच चित्र तयार होत होतं. बडोदा, कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी, कुरुंदवाड अशी लहानमोठी संस्थानं जवळजवळ होती. रेल्वेनं ती मुंबई-पुण्याशी जोडली. मुंबईत गुजराती, पारशी आणि सारस्वत धनिक गाण्याचे शौकीन होते. संगीत नाटकांमुळे सामान्य मराठी माणसाचा कान रागदारीला सरावत होता. आणि याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक नवा श्रोता जन्माला आला होता. तो राजा नव्हता, जहागीरदार नव्हता, गवयाच्या घरचाही नव्हता. तो वकील, मास्तर, कारकून किंवा डॉक्टर होता. 1874 मध्ये पुण्यात स्थापन झालेला गायन समाज आणि 1883 पासूनचा कोल्हापूरचा देवल क्लब ही अशाच श्रोत्यांची ठिकाणं.

या श्रोत्याचं एक वैशिष्ट्य होतं. तो लिहिता होता. राजानं गाणं ऐकलं की गळ्यातला कंठा द्यायचा किंवा शालजोडी द्यायचा. वकिलाकडं द्यायला कंठा नव्हता. त्यानं ऐकलेलं लक्षात ठेवलं, चारचौघांत सांगितलं आणि पुढं लिहून काढलं. राजांनी दिलेले बहुतेक कंठे कधीच मोडीत निघाले असतील. वकील-मास्तरांचं लिखाण मात्र आपल्या हाती आहे.

सर्कशीच्या तंबूतला भूगंधर्व

या देवघेवीची सगळ्यात अजब गोष्ट रहिमत खाँ यांची आहे. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक हद्दू खाँ यांचे हे चिरंजीव. सांगलीकडचे विष्णुपंत छत्रे घोड्यांचे उत्तम शिक्षक होते आणि गाण्याचे वेडे. ग्वाल्हेरला त्यांनी हद्दू खाँकडं गाणं शिकलं. पुढं 1880 च्या सुमारास त्यांनी स्वतःची सर्कस काढली. भारतीय माणसानं उभी केलेली ही पहिली सर्कस मानली जाते.

वडिलांच्या पश्चात रहिमत खाँ अफूच्या आहारी जाऊन बनारसमध्ये हलाखीत दिवस काढत होते. सर्कस घेऊन हिंडणाऱ्या विष्णुपंतांना ते तिथं सापडले. गुरूचा मुलगा म्हणून त्यांनी त्यांना सोबत घेतलं. विष्णुपंतांच्या नंतर त्यांचे बंधू काशीनाथपंतांनी हा सांभाळ पुढं चालवला. रहिमत खाँ सर्कशीबरोबर गावोगाव फिरले आणि मराठी मुलखात त्यांचं गाणं पसरलं. लोकांनी त्यांना ‘भूगंधर्व’ म्हटलं. 1922 मध्ये कुरुंदवाडला त्यांचा इंतकाल झाला.

त्यांच्याविषयी जुन्या श्रोत्यांनी सांगून ठेवलेल्या हकीकती पुष्कळ आहेत. व्यवहाराचं भान नसलेला, स्वतःच्याच तंद्रीत असलेला माणूस आणि सूर लागला की सगळं विसरायला लावणारा आवाज, असं त्या सगळ्यांचं सार. आता यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती? नशिबानं त्यांच्या अखेरच्या काळात काही तबकड्या निघाल्या. आवाज थकलेला आहे, ध्वनिमुद्रण जुनं आहे, तरी सुराचा तो ठाव लागतो. जुन्या श्रोत्यांनी वेड्यासारखं का सांगितलं, ते कळतं. अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्यावर रहिमत खाँचा ठसा होता असं जाणकार सांगत आले आहेत. दोघांच्या तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या की त्या बोलण्याला आधार मिळतो.

मिरजेचे अब्दुल करीम खाँ

अब्दुल करीम खाँ 1872 मध्ये उत्तर प्रदेशातल्या कैराना इथं जन्मले. बडोद्याच्या दरबारातून ते महाराष्ट्रात आले आणि पुढं मिरजेचे झाले. त्यांनी काढलेल्या संगीत शाळेचं नाव होतं ‘आर्य संगीत विद्यालय’. उस्ताद मंडळी विद्या लपवून ठेवतात असा बोभाटा ज्या काळात सुरू होता, त्याच काळात हे खाँसाहेब शाळेत मुलं ठेवून घेऊन शिकवत होते.

त्यांच्या मैफलींची वर्णनं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. तंबोरे. खाँसाहेब तंबोरे जुळवण्यात किती वेळ घालवत आणि ते जुळले की मैफल निम्मी झाल्यासारखी कशी वाटे, याचं श्रोत्यांना मोठं अप्रूप. हे तंबोरे ज्या मिरजेत बनत, तिथले कारागीर मुळात शिकलगार. हत्यारांना धार लावणारे, धातूकाम करणारे मुसलमान कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हत्यारांचं काम घटलं तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर सतार-तंबोऱ्याकडं वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, मिरजेचा हात आणि कैरान्याचा गळा असा तो संगम होता. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या. त्याआधी दीडशे वर्षं तो तंबोरा मैफलीच्या प्रत्येक वर्णनात होता, पण करणाऱ्याचं नाव अपवादानंच सापडतं.

अब्दुल करीम खाँच्या मृत्यूची हकीकत अनेकांनी सांगितली आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. शिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालायला लावलं, नमाज अदा केली, तंबोऱ्यावर दरबारीचे सूर आळवत अल्लाहचं नाव घेतलं आणि 27 तारखेला तिथंच देह ठेवला. सोबतच्या चार-दोन माणसांशिवाय तिथं कुणी श्रोता नव्हता. म्हणजे खाँसाहेबांच्या या शेवटच्या गाण्याची जी आठवण सगळ्या महाराष्ट्राला आहे, ती केवळ त्या चार-दोन माणसांनी सांगितलं म्हणून. त्यांचा मृतदेह मिरजेला आणला गेला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसाच्या दिवसांत तिथं आजही गवई येतात, चिंचेच्या झाडाखाली बसून हजेरी लावतात. तिकीट नाही आणि बिदागीची घासाघीस नाही. समोर जो येईल तो श्रोता.

खाँसाहेबांचं गाणं तबकड्यांवर आहे. 1905 च्या सुमाराच्या आणि मग 1930 च्या दशकातल्या. मराठी नाट्यपदंही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. गदगच्या एका दुकानात लागलेली त्यांची तबकडी ऐकून भीमसेन नावाच्या मुलाला गाण्याचं वेड लागलं आणि तो घर सोडून गेला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. मैफल तासन् तास चाले. तबकडीत सूर सापडतो, त्या सुराभोवतीची रात्र सापडत नाही. ती फक्त श्रोत्याकडं असते.

तबकडीच नसलेले अल्लादिया खाँ

आणि जिथं तबकडीच नाही, तिथं काय? जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आली नाही. 1902 पासून हिंदुस्थानात गाण्याच्या तबकड्या निघत होत्या. खाँसाहेब 1946 पर्यंत हयात होते. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं संधी होती, पण त्यांनी ती घेतली नाही. त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले, त्यांचंही ध्वनिमुद्रण नाही. केसरबाई केरकरांनी तबकड्या दिल्या, पण कुणी चोरून यंत्र लावलं तर त्या मैफल थांबवत, असं श्रोते सांगत.

आज जो माणूस अल्लादिया खाँच्या गायकीविषयी काही बोलतो, तो दोनच आधारांवर बोलतो. एक, त्यांच्या शिष्यांचे गळे. दुसरा, ऐकणाऱ्यांचं लिखाण.

अल्लादिया खाँ 1855 मध्ये राजस्थानातल्या उणियाऱ्यात जन्मले. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावं लागल्यानं त्यांचा आवाज बसला. बराच काळ तो परत आला नाही, आणि परत आला तेव्हा पहिल्यासारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. ती वक्र चालीची होती, लयीला घट्ट बांधलेली होती आणि तिची झेप मोठी होती. 1895 च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारात आणलं आणि 1922 मध्ये महाराज जाईपर्यंत खाँसाहेब कोल्हापूरकरच होते. नंतर ते मुंबईला गेले.

कोल्हापुरात त्यांना एक श्रोता मिळाला, गोविंदराव टेंबे. पेटीवादक, ‘मानापमान’चे संगीतकार आणि उत्तम लेखक. 1939 मध्ये त्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ आलं. पुढं त्यांनी खाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं. टेंब्यांचं लिखाण महत्त्वाचं का? कारण ते नुसतं ‘वा वा’ करत नाहीत. गाणाऱ्यानं राग कुठून धरला, ताल कसा वापरला, एकाचं अंग दुसऱ्यापेक्षा वेगळं कुठं होतं, हे ते साथीला बसलेल्या माणसाच्या नजरेनं सांगतात. पेटीवाल्याला गवयाच्या पुढच्या स्वराचा अंदाज घ्यावाच लागतो. त्यामुळे त्याचं ऐकणं आपल्यासारखं मागं रेलून केलेलं नसतं.

टेंब्यांच्या पाठोपाठ इतर आले. केशवराव भोळे ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या टोपणनावांनी गायकांवर लिहीत. 1949 मध्ये आलेलं त्यांचं ‘संगीताचे मानकरी’ प्रसिद्ध आहे. प्रा. बी. आर. देवधरांनी ‘थोर संगीतकार’मध्ये प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या गवयांची चित्रं उभी केली. त्यातले शिंदे खाँ फकिरासारखे राहणारे, लहरी, मुंबईत हलाखीत जगणारे गवई. देवधरांनी त्यांच्याकडून तालीम घेतली आणि त्यांच्याविषयी लिहिलं, म्हणून ते नाव तरी उरलं. 1961 मध्ये वामनराव देशपांडे यांचं ‘घरंदाज गायकी’ आलं. पेशानं ते हिशेब तपासनीस. आयुष्यभर ऐकलेल्या मैफलींवरून त्यांनी घराण्यांची मांडणी केली. स्वर आणि लय यांचं प्रमाण प्रत्येक घराण्यात कसं वेगळं, याचा जणू ताळेबंदच मांडला.

एका प्रदेशातल्या श्रोत्यांनी इतक्या बारकाईनं गाण्याविषयी लिहावं, ही साधी गोष्ट नाही. अल्लादिया खाँ, अब्दुल करीम खाँ, रहिमत खाँ, नत्थन खाँ ही नावं मराठी घरांत आदरानं घेतली जातात, त्यामागं हे लिखाण आहे. धर्मानं दुरावलेल्या काळातही ‘खाँसाहेब’ म्हणताना मराठी माणसाचा हात कानाच्या पाळीला जातो. तो अदब या सांगण्यानं टिकवला. हे ऋण मोकळ्या मनानं मान्य करायला हवं.

श्रोत्याचं सांगणं कसं वाचायचं?

पण साक्ष कितीही प्रेमाची असली तरी इतिहासात ती तपासावी लागते. मैफलीच्या आठवणी वाचताना मला चार गोष्टी उपयोगी वाटतात.

पहिली, सांगणारा कुठं बसला होता? साथीला, गुरुभावाच्या नात्यानं पुढच्या रांगेत, की खिडकीबाहेर? दुसरी, त्यानं किती वर्षांनी सांगितलं? दुसऱ्या दिवशी लिहिलेलं पत्र आणि चाळीस वर्षांनी लिहिलेलं आत्मचरित्र यात फरक असतो. मधल्या काळात गवई दिवंगत होतो आणि दिवंगत माणूस जरा जास्तच सुरेल गातो. तिसरी, तो काय नोंदवतो? राग, ताल, साथीदार, वेळ यांची नोंद पडताळता येते. ‘दिवे थरथरले’, ‘सगळी सभा रडली’ ही नोंद पडताळता येत नाही. पण ती खोटी म्हणून फेकूनही देता येत नाही. ती गाण्याविषयी नव्हे, ऐकणाऱ्याविषयी खरं सांगते. चौथी, तो कुणाशी तुलना करतो? घराण्याचा अभिमान असलेला श्रोता दुसऱ्याच्या उस्तादाला सहसा पूर्ण गुण देत नाही.

हदीसशास्त्रात कथन कुणाकडून कुणाकडं आलं, त्या साखळीला सनद म्हणतात, आणि साखळीतला प्रत्येक माणूस तपासला जातो. संगीतातल्या आठवणींना पावित्र्याचा तो दर्जा अर्थातच नाही. पण ‘हे तुला कुणी सांगितलं आणि त्यानं स्वतः ऐकलं होतं का’ हा प्रश्न विचारण्याची सवय इथंही कामाची आहे.

जे वर्णनात आलं नाही

आता न्यायाचा मुद्दा. या सुंदर लिखाणात काही जागा सतत रिकाम्या राहिल्या.

एक म्हणजे उस्तादाचं माणूसपण. अनेक आठवणींत खाँसाहेब एका ठरीव साच्यात येतात. गळा दैवी, पण माणूस अडाणी, लहरी, विद्या लपवणारा. त्यांची भाषा मोडकी दाखवायची आणि त्यावर हलकं हसू पेरायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पं. विष्णु नारायण भातखंडे आणि पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी संगीताला शास्त्र, स्वरलिपी आणि शाळा दिली. त्यांचं काम मोठं आहे. पण त्याच काळात ‘उस्तादांनी संगीत अंधारात ठेवलं, आम्ही ते उजेडात आणलं’ अशी एक कथाही रुजली. जानकी बखले यांनी 2005 मध्ये आलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, संगीताच्या या राष्ट्रीयीकरणात उस्ताद कसे कडेला सारले गेले, याची सविस्तर चर्चा केली आहे.

विद्या लपवण्याचा आरोप अगदीच खोटा होता असं नाही. पण त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. या घराण्यांकडं शेती नव्हती, वतन नव्हतं. बंदिशी हीच त्यांची जमीन. बाप मुलाला राग देई, म्हणजे पोटाची सोय लावून देई. जमिनीचा सातबारा कुणी सहज दुसऱ्याच्या नावावर करत नाही आणि त्याला आपण अडाणी म्हणत नाही. इतकं असूनही भास्करबुवांना फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांनी शिकवलं. भास्करबुवांकडून ते बालगंधर्वांपर्यंत आणि मास्टर कृष्णरावांपर्यंत पोचलं, म्हणजे नाटकाच्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत. रामभाऊ कुंदगोळकरांना अब्दुल करीम खाँनी शिकवलं. तेच सवाई गंधर्व. त्यांच्याकडून भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि पारशी असलेले फिरोज दस्तूर. लपवलेल्या विद्येचा वंश एवढा वाढत नाही.

दुसरी रिकामी जागा बायकांची. अब्दुल करीम खाँच्या पत्नी ताराबाई माने या बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. 1922 मध्ये त्या मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही ती मुलं. खाँसाहेबांचा वारसा महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांनी नेला. पण मैफलीच्या आठवणींत ताराबाई एखाद्या ओळीत येतात आणि जातात. केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यावर पानंच्या पानं आहेत. त्यांनी स्वतः खाँसाहेबांचं गाणं कसं ऐकलं, त्यावर फार थोडं.

तिसरी जागा साथीदारांची. सारंगिये आणि तबलजी यांत मुसलमान कलाकार पुष्कळ होते. सारंगी मागं पडून पेटी पुढं आली, तेव्हा सारंगीवाल्यांची घरं कशी चालली, हे मैफलीच्या वर्णनात येत नाही. ‘साथ उत्तम होती’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते.

आणि चौथी जागा आपली, म्हणजे मराठी मुसलमान श्रोत्यांची. उस्ताद मुसलमान आणि लिहिता श्रोता मुख्यतः ब्राह्मण-सारस्वत, असं चित्र या ग्रंथांतून तयार होतं. पण मिरजेच्या उरुसात गाणं ऐकायला बसलेले शिकलगार, मुल्ला, बागवान, आतार कुठं गेले? ज्यानं तंबोरा बनवला त्यानं तो मैफलीत वाजताना ऐकला असणारच. कोणत्या खाँसाहेबांना कोणता भोपळा आवडे, जवारी किती उघडी लागे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण त्यानं लिहिलं नाही आणि कुणी त्याला विचारलंही क्वचितच. आपण श्रोता नव्हतो असं नाही. आपण नोंद केली नाही.

खाँसाहेब स्वतः सांगतात तेव्हा

या बाबतीत एक दाखला मोलाचा आहे. उतारवयात अल्लादिया खाँनी आपली जीवनकहाणी नातवाला सांगितली. अझिझुद्दीन खाँनी ती उर्दूत उतरवून घेतली आणि 2000 मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. यात खाँसाहेब वर्णनाचा विषय राहत नाहीत, ते स्वतः बोलतात. ते गवई म्हणून तर बोलतातच, पण श्रोता म्हणूनही. कुणाचं गाणं कुठं ऐकलं, कोणत्या दरबारात गुणीजनांची कदर कशी होती, कोण खरा आणि कोण वरवरचा, हे ते ठामपणे सांगतात. आपल्या खानदानाचा, धृपदाच्या परंपरेचा, तालमीचा हिशेब देतात. अडाणी उस्तादाचा तो साचा इथं टिकत नाही. समोर दिसतो तो आपल्या विद्येचा इतिहास जाणणारा, त्याविषयी मत असलेला एक समंजस म्हातारा.

हे घडलं कशामुळे? घरातला एक नातू कागद-कलम घेऊन आजोबांसमोर बसला म्हणून.

आजच्या मैफली, उद्याचा पुरावा

1953 मध्ये पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. कैरान्याच्या खाँसाहेबांच्या शिष्याची ही पुण्यतिथी आज हजारो लोक साजरी करतात. पूर्वी तो रात्रभर चाले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाची मर्यादा आली आणि मध्यरात्रीनंतरचे राग मंचावरून जवळपास दिसेनासे झाले. पहाटेच्या थंडीत घोंगडी पांघरून ऐकलेल्या तोडीची गोष्ट सांगणारे लोक आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यानंतर ती गोष्टही ऐकीव होईल.

आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे. गाणं हरवण्याची भीती राहिली नाही, असं वाटू शकतं. पण यंत्र सूर टिपतं, कदर टिपत नाही. शेजारी कोण बसलं होतं, दाद कुठं उठली, गवयानं ती ऐकून पुढं काय केलं, घरी जाताना कोण गप्प होतं, हे माणसानंच सांगायचं असतं. नुसतं ‘अप्रतिम’ लिहून आणि हात जोडल्याचं चित्र टाकून ते होत नाही.

आपल्या समाजापुरतं बोलायचं तर काम आणखी निकडीचं आहे. आपल्याकडं उरुसाच्या कव्वाल्या ऐकलेली, दर्ग्यात खाँसाहेबांच्या बरसीला बसलेली, सारंगी-तबल्याच्या घरात वाढलेली, भेंडीबाजारच्या गवयांच्या गल्लीत लहानाची मोठी झालेली माणसं अजून आहेत. संगीत जायज की नाजायज, या वादात आपल्याकडं बराच वेळ जातो. तो वाद ज्यांना करायचा त्यांनी करावा. पण ज्यांनी गाणं ऐकलं, त्यांचं ऐकणं घडून गेलेला इतिहास आहे आणि इतिहासाची नोंद करण्याला कुणाची हरकत असू नये.

त्यासाठी मोठा ग्रंथ लागत नाही. घरातल्या बुजुर्गांना विचारा : कुणाचं गाणं ऐकलं, कोणत्या साली, कुठं, साथीला कोण होतं, तंबोरा कुणाचा होता, बायका कुठं बसल्या होत्या. तारीख घालून लिहून ठेवा. सांगणाऱ्याचं नाव घाला, दखनीत सांगितलं तर दखनीतच उतरवा, मोडकी म्हणून सुधारू नका. उस्तादांना दाद मराठी श्रोत्यांनी मनापासून दिली. राहिलेला न्याय देण्याचं काम आता आपल्या नातवंडांच्या हाताशी आहे, आणि सांगणारी माणसं फार दिवस थांबणार नाहीत.